चांगल्या सीडींची पिशवी

आमच्या घरात मी सोडून बाकी सगळे निर्णय पटकन घेतात, म्हणूनच घर अजून चाललेलं आहे. मला निर्णय घेता येत नाही असं नाही. मी तो नीट घेतो, एवढंच. छत्री घ्यायची तर मी मे महिन्यात दुकानं बघायला लागतो, काड्या मोजतो, कापड उजेडात धरून पाहतो आणि अगदी पारखून निवडलेली छत्री दसऱ्याच्या सुमारास घरी आणतो. (पावसाळाभर मी बायकोची फुलाफुलांची छत्री वापरतो. मुरबाडच्या बाजारपेठेत मला त्या छत्रीवरूनच ओळखतात.)

तर गेल्या वैशाखात शहापूरला माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या मुलीचा, पल्लीचा साखरपुडा झाला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, मार्गशीर्षात ठरलं. जेवणं उरकल्यावर सुमनने मला मांडवाच्या कोपऱ्यात ओढलं.

"दादा, आईची सीडी तुज्याकडंच हाय ना?"

"कुठली?"

"कुठली काय! माज्या हळदीची. आईनी धवला गायलेला ती!"

आमची आई धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गायले जातात आणि ते गाणारी बाई ती धवलारीण. चाल जुनी, पण त्यात समोर बसलेल्या माणसांची नावं घालून ती जागच्या जागी ओळी जोडायची. कोणाची खोड काढायची, कोणाला चिमटा काढायचा हे तिला कधी आठवावं लागलं नाही. आमच्या वैशाखरे गावापासून सरळगावपर्यंत तिला गाडी पाठवून नेत. सुमनच्या हळदीला साउंडवाल्याने हौसेने तिचा आवाज मशीनवर घेतला आणि मागाहून सीडी करून दिली. आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तिचा आवाज त्या एका सीडीवर होता, बाकी कुठेच नाही.

"पल्लीच्या हळदीला पयला धवला आईचाच लावायचा," सुमन म्हणाली. "मंग बाकीच्या बायका गातील. माज्या पोरीला आजीची हळद लागली पायजे, दादा." तिचे डोळे भरले होते. "पण सीडी वाजवायला आता साउंडवाल्याकडं बी काय नाय. तू मोबाइलात घेऊन दे. जमंल ना?"

"जमेल म्हणजे काय!"

"सात म्हयने हायत," ती म्हणाली आणि तिने दोन्ही हात वर करून मला सात बोटं दाखवली. मला तेव्हा जरा राग आला होता.

खरं सांगायचं तर तो धवला मी स्वतः कधी ऐकलेला नव्हता. हळदीच्या दिवशी मी कळशी आणायला मुरबाडला गेलो होतो, यायला जरा उशीर झाला आणि धवला हुकला. पुढे सीडी माझ्या ताब्यात आली ती मी कधी लावली नाही. वाजवली की चरे पडतात. आधी तिची उत्तम नक्कल करायची आणि मग ती नक्कल ऐकायची, असा माझा वीस वर्षांपासूनचा विचार होता.

माझ्याकडे एकूण दोनशे चौदा सीड्या होत्या. मुरबाडमधलं सीडीचं दुकान बंद पडलं तेव्हा मी त्या पोत्यातून आणल्या. भजनं, गवळणी, जत्रेतली गाणी, गाईगुरांचे आजार व उपाय, 'तीस दिवसांत इंग्रजी'चे सहापैकी पाच भाग. मी ठरवलं की आता करायचंच आहे तर सगळ्याच सीड्या संगणकात उतरवू.

"ननंदबाईंना एक सीडी पायजे ना?" माझी बायको कुंदा म्हणाली. "तं एक करा ना!"

"कुंदा, एकदा यंत्रणा बसली की एक काय आणि दोनशे काय!"

तिने माझ्याकडे बघितलं आणि तांदूळ निवडायला घेतले. ते तिचे दहा मिनिटांत निवडून झाले.

मुरबाडला संगणकाचं एक दुकान आहे. दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस. (शांत होता.) त्याने चहा मागवला.

"सीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप दाखवा," मी म्हणालो.

"साहेब, सीडी आता कशातच नसते."

"मग सीडी लावायची कुठे?"

"लावायचीच कशाला?"

हा प्रश्न मला बेजबाबदार वाटला. माझा चेहरा बघून त्याने कपाटातून एक चपटा डबा काढला. "हा बाहेरून लावायचा ड्राइव्ह. वायर खुपसली की चालू. घेऊन जा, संध्याकाळपर्यंत काम होईल."

कुठल्याही समंजस माणसाने तो घेतला असता. पण मी इंटरनेटवर पंधरा दिवस अभ्यास करून गेलो होतो.

"हा संशय घेतो का?" मी विचारलं.

"काय घेतो?"

मी त्याला समजावून सांगितलं. सीडीवर चरा असला की साधा ड्राइव्ह तेवढी जागा अंदाजाने भरून मोकळा होतो. आपल्याला कळतही नाही. चांगला ड्राइव्ह तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो, आधीच्या वाचनाशी ताडून बघतो, आणि खात्री पटल्याशिवाय पुढे सरकत नाही. आईच्या आवाजात कोणा यंत्राने स्वतःचा अंदाज घातलेला मला चालणार नव्हता. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पुढ्यातला अर्धा कप उचलून आत नेला.

मग मी दोनशे पानी वही केली. परदेशातली काही मंडळी इंटरनेटवर याच विषयावर वर्षानुवर्षं भांडत बसलेली आहेत. त्यांचं इंग्रजी मला निम्मं समजलं, भांडण मात्र पूर्ण समजलं. ते आमच्या ग्रामसभेसारखंच होतं. एक म्हणे, चपटा ड्राइव्ह फिरताना थरथरतो, मोठाच घ्या. दुसरा म्हणे, लॅपटॉपची वीज त्याला पुरत नाही, डेस्कटॉपच पाहिजे. तिसरा म्हणे, चांगले ड्राइव्ह बनवायचे बंद झाले त्याला जमाना लोटला. चौथा म्हणे, तिसऱ्याचे कान तपासा! मला प्रत्येकाचं म्हणणं पटत गेलं. वही भरली, आषाढ लागला, वैशाखऱ्याला माझ्या धाकट्या भावाच्या, जनाच्या शेतात लावणी आटोपली.

शेवटी वहीतून निष्कर्ष निघाला: मोठा ड्राइव्ह, आणि तो बसवायला डेस्कटॉप. मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी चहा आला नाही.

"साहेब, हल्लीच्या डब्यांना ड्राइव्हची खाच नसते," दुकानदार म्हणाला. "पुढून सगळी काच. आत दिवे लागतात."

"पण सीडी?"

"सीडी नाय लागत. दिवे सात रंगांचे हायत."

म्हणजे आतला संगणक नवा घ्यायचा आणि बाहेरचा डबा जुना शोधायचा. यात श्रावण गेला. गणपती आले आणि गेले. मध्येच सुमनचा फोन आला.

"झाली का रे दादा सीडी?"

"होत आली."

"मंग ऐकव."

"अजून संगणक यायचाय."

"मंग होत काय आली?"

जुना डबा अखेर शहापूरलाच एका भंगाराच्या दुकानात सापडला. बंद पडलेल्या टायपिंग क्लासातून आलेला. आत उंदराने काही दिवस संसार केला होता, पण पुढे ड्राइव्हसाठी दोन-दोन खाचा! मी तो खांद्यावर घेतला. सुमनच्या घरावरून गेलो तर ती विचारणार, म्हणून मागच्या गल्लीने एसटी स्टँड गाठला. स्टँडवर सुमन भाजीची पिशवी घेऊन उभी होती. पिशवी खाली ठेवून तिने सात बोटं वर केली आणि त्यातली पाच मिटली.

एसटीत मी डबा मांडीवर घेऊन बसलो.

"ह्यात काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"काही नाही, रिकामा आहे."

"मंग एवढा कवटाळलाय कशाला?"

मी त्याला संशयी ड्राइव्हबद्दल सांगायला सुरुवात केली, तर तो पुढच्या बाकाकडे निघून गेला.

इकडे मी दुसरीही तयारी करत होतो. सगळ्या सीड्या कागदी पाकिटांतून काढून, मऊ फडक्याने पुसून, खिडकीच्या उजेडात तिरक्या धरून तपासल्या. दोन पिशव्या केल्या. चरे पडलेल्या, धुरकट सीड्यांच्या मोठ्या पिशवीवर लिहिलं 'खराब'. एकही चरा नसलेल्या, आरशासारख्या लखलखीत अशा चाळीसच निघाल्या. त्यांच्या पिशवीवर लिहिलं 'चांगल्या'. आईची सीडी अर्थातच चांगल्यांत होती. तिच्यावर साउंडवाल्याने मार्करने 'सुमन – हळद' असं लिहिलेलं होतं. नवा ड्राइव्ह आधी खराब सीड्यांवर चालवून बघायचा, म्हणजे काही बिघडलं तरी खराबांचंच बिघडेल, आणि मगच चांगल्यांना हात लावायचा. या योजनेचा मला फार अभिमान होता.

घटस्थापनेच्या आधी कुंदाने घर आवरायला काढलं. कपाटं बाहेर, भांडी बाहेर, मी बाहेर. त्याच दिवशी जना जीप घेऊन खताच्या कामाला मुरबाडला आला होता. मी चांगल्यांची पिशवी त्याच्या हातात दिली.

"जना, ही तुझ्याकडे नीट ठेव. ह्यात चांगल्या आहेत."

"बरं," जना म्हणाला.

जनाचा एक गुण आहे. तो दुसरा प्रश्न विचारत नाही.

दसऱ्याच्या मुहूर्तावर संगणक आला. दुकानदाराने स्वतः घरी येऊन ड्राइव्ह बसवून दिला. ("म्हणजे तुमाला परत यायला नको," तो म्हणाला.) दसऱ्याला आमच्याकडे कोयते, विळे, गाडी, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा होते. कुंदाने संगणकालाही झेंडूची माळ घातली. मी जरा दिमाखात बटण दाबलं आणि ड्राइव्हचा ट्रे सुळकन बाहेर आला. कुंदाच्या हातात पूजेचं तबक होतं. तिने त्या ट्रेला हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, मधोमध सुपारी ठेवली आणि डोळे मिटून हात जोडले.

ट्रे स्वतःहून आत गेला!

मग आतून गिरणीसारखा आवाज सुरू झाला.

"अगं, सुपारी काढ! सुपारी!"

"मी कशी काढू? तोच घेऊन गेला!"

"पण ठेवलीस कशाला?"

"अवो, ताटली पुढं केली त्यानं. मला वाटलं, त्यासाठीच असंल!"

सुपारी निघाली. अक्षता मी चिमट्याने दुपारभर काढत होतो. कुंकू काही पूर्ण निघालं नाही. तरी ड्राइव्ह चालू झाला, आणि मी त्याला पहिली खराब सीडी दिली. तो संशयी होता यात शंकाच नव्हती. तो वाचायचा, थांबायचा, मागे जायचा, पुन्हा वाचायचा, ताडून बघायचा आणि शेवटी खात्री पटत नाही म्हणून काम सोडून द्यायचा. मला तो एकदम ओळखीचा वाटला. त्याने पंधरा दिवसांत एकच सीडी पास केली, 'तीस दिवसांत इंग्रजी', भाग चौथा. दिवाळी तोंडावर आली होती.

भाऊबीजेला सुमन जनाकडे वैशाखऱ्याला येणार होती. मी ठरवलं की आपण लवकर जाऊन चांगल्यांची पिशवी घ्यावी, म्हणजे ओवाळताना तिला निदान सीडी तरी दाखवता येईल. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मी सकाळीच वैशाखऱ्याला उतरलो. जनाचं घर रस्त्याला लागून, आणि घराला लागून भात. भात पिकून पिवळं झालं होतं, दोन दिवसांत कापणीला येणार होतं. रस्त्यावरून मला त्या पिवळ्यात काहीतरी लखलखताना दिसलं.

जवळ गेलो. शेतभर बांबू रोवलेले, बांबूंना दोऱ्या, आणि दोऱ्यांना माझ्या चाळीस चांगल्या सीड्या गरगर फिरत होत्या.

जना बांधावर उभा राहून कौतुकाने बघत होता.

"जना! ह्या सीड्या!"

"मंग! कशा झळकतात बघ. तवापासून एक पाखरू उतरलं नाय!"

"मी तुला नीट ठेव म्हणालो होतो!"

"नीटच बांधल्यात. सुतळी नाय वापरली, नायलॉन हाय. वाऱ्यात एक पडली नाय."

"मी सांगितलं होतं ना, ह्यात चांगल्या आहेत म्हणून!"

"म्हणून तं त्याच लावल्या!" जना म्हणाला. "खराब लावून पाखरू भितंय व्हय? आन् भोक बी आधीच पाडलेलं. काय काम ठेवलंच नाय बनवणाऱ्यानं."



"अरे, त्यात आईची सीडी आहे," मी म्हणालो. "तिच्या आवाजाची. सुमनच्या हळदीची."

जनाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो बांधावर खालीच बसला. "आईची? मंग तू मला बोलला का नायस?"

खरंच, मी बोललो नव्हतो. मी त्याला फक्त 'चांगल्या' म्हणालो होतो. ती जशी माझी आई होती तशी त्याचीही होती, आणि पिशवीत ती आहे एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. आम्ही दोघं त्या फिरणाऱ्या सीड्यांकडे बघत राहिलो.

"म्हंजे म्हयनाभर आई राखत व्हती शेत," जना म्हणाला.

तेवढ्यात मागून सुमन आली. हातात ओवाळणीचं ताट होतं. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं, पण तिने फक्त विचारलं, "ह्यातली कोणती?"

आम्ही बांबूंमधून फिरून एकेक सीडी उलटून पाहिली. छापील चित्रं असलेल्या ओळखू आल्या. पण उन्हाने आणि दहिवराने मार्करची अक्षरं पार उडाली होती, आणि अशा कोऱ्या सीड्या निघाल्या सतरा.

"एकेक वाजवून बघू," जना म्हणाला. "माज्याकडं प्लेअर हाय."

म्हसा गावच्या जत्रेला एका वर्षी बैल घ्यायला गेलेला जना बैलाऐवजी प्लेअर घेऊन आला होता. त्याचं झाकण रबराने बांधलेलं असतं आणि तो चालू करायला डाव्या बाजूला एक चापट लागते. माझ्या दोनशे पानी वहीत त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

"पण सीड्या काढल्या की पाखरं तुटून पडतील," जना म्हणाला. "दोन दिसांवर कापणी. कोणीतरी राखाया पायजे."

"मग तू राख, मी प्लेअर बघतो," मी म्हणालो.

"चापट कुठं मारायची तुला कुठं माहीत हाय? आन् तू बघत बसलास तं..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. सुमनने पुरं केलं.

"तं पल्लीचं बाळंतपण येईल!"

अशा रीतीने मी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, एका हातात तेलाचा रिकामा डबा आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन भातात उभा राहिलो. पाखरं वाटच बघत होती. चिमण्या एका बाजूने उतरायच्या, तिकडे धावलो की पोपट दुसऱ्या बाजूने. "हाऽऽ! होऽऽ!" मी डबा बडवत ओरडत होतो. माळशेजला निघालेल्या एका गाडीतली मंडळी थांबली आणि त्यांनी माझे फोटो काढले. ओट्यावरून जनाच्या चापटीचे आवाज येत होते. एक गवळण वाजली, एक जाहिरात वाजली, कोणाची तरी बारशाची भाषणं वाजली. माझा घसा बसत आला.

चौदाव्या सीडीला सुमनची किंकाळी आली. "गावली! दादा, आई गावली!"

मी घराकडे धावत सुटलो.

"तू नको येऊस!" जना ओरडला. "पाखरं!"

मी परत फिरलो. ओट्यावर सुमन प्लेअरच्या भोंग्याजवळ मोबाइल धरून बसलेली दिसली. "मोबाइलवर नको घेऊ!" मी तिथूनच हातवारे केले. "भेसळ होईल!" कोणी लक्ष दिलं नाही. पोपट उतरले. मी ओरडलो, डबा बडवला. डब्याच्या आवाजातून कधीतरी एखादा उंच सूर कानावर यायचा, तेवढाच. मी ओट्यावर पोचलो तेव्हा धवला संपला होता, सुमन पदराने डोळे पुसत होती आणि पुसता पुसता हसत होती.

"ऐक की," ती मोबाइल पुढे करत म्हणाली.

"असा नाही ऐकणार," मी म्हणालो. "सीडी दे. मी घरी नेऊन शुद्ध प्रत काढतो आणि मग तीच ऐकतो."

सुमन आणि जनाने एकमेकांकडे पाहिलं. तिने मला ओवाळलं, तेव्हाही डबा माझ्या हातातच होता.

घरी येऊन मी आईची सीडी ड्राइव्हला दिली. त्याने ती एक पूर्ण दिवस वाचली, ताडली, पुन्हा वाचली आणि संध्याकाळी जाहीर केलं की यात वाचण्याजोगं काही नाही. दुसऱ्या दिवशीही त्याचं मत तेच होतं. आता आईचा आवाज फक्त सुमनच्या मोबाइलमध्ये उरला होता, भेसळीसकट.

मार्गशीर्षात शहापूरला पल्लीची हळद होती. मांडवात बायका गोल करून बसल्या होत्या, पल्ली पाटावर, समोर वाटीत हळद. साउंडवाल्याने सुमनचा मोबाइल मोठ्या स्पीकरांना जोडला, आणि मांडवात आईचा आवाज आला.

मी तो आवाज विसरलो होतो. तिचा आवाज किंचित खरखरीत होता आणि ओळ संपायच्या आधीच ती श्वास घ्यायची, हे मला पार आठवेनासं झालं होतं. मला एकदम रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. तिने सिद्धगडाच्या देवाला बोलावलं, म्हशाच्या देवाला बोलावलं, घाटावरच्या देवांना बोलावलं. मग सोयऱ्यांची पाळी आली. नवरीचा काका किती जेवला, मामी किती मुरडली, हे सगळं तिने सुरात घोळवून सांगितलं. बायका हसायला लागल्या. मीही डोळे पुसत हसायला लागलो.

आणि मग आई नवरीच्या भावावर आली. नवरीचा भाऊ म्हणे कळशी आणायला बाजारात गेला. हळद वाटून झाली, हळद वाळून गेली, नवरी बसून बसूनच पिवळी झाली, आणि भाऊ अजून बाजारात एकेक कळशी वाजवून बघतोय! जा गो कोणीतरी, त्याला हाक मारा, विचारा कुठं राहिलास म्हणून!

इथे आईने दम घ्यायला थांबावं, आणि नेमक्या त्या शांततेत दोन्ही स्पीकरांतून, डबा बडवत, माझा आवाज यावा:

"हाऽऽ! होऽऽ! होऽऽऽ!"

मांडव कोसळायचा बाकी राहिला. पल्ली पाटावरून कलंडली. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. जना खांबाला टेकून खाली बसला. एका म्हाताऱ्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "आणलीस का रे कळशी?"

"आणली होती," मी म्हणालो. "चांगली होती."

(लग्न लागल्यावर आणली होती, हे त्यांनाही आठवत होतं.)

हसणं जरा ओसरल्यावर साउंडवाला माझ्याजवळ आला. "काका, तुमचा आवाज कापून देऊ का त्यातून?"

"नको!" सुमन तिकडून ओरडली. "आईनी एवढ्या वर्सांनी हाक मारली नि हा ओ देतोय. राहू दे तसाच!"

"तसं नाही सुमन," मी म्हणालो. "काढायचा असेल तर निघतो तो. पण काढायचा तर नीट. आधी मी दोन-चार मशीनं बघतो, त्यात जे..."

सुमनने मला पुढे बोलू दिलं नाही. तिने कोपऱ्यातली हाताला लागली ती पहिली कळशी उचलली आणि माझ्या हातात कोंबली.

"जा, नवरीच्या अंघोळीला पाणी आण. निवडायची नाय. हीच हाय!"

मी मुकाट्याने गेलो. लगेच परतही आलो असतो. पण अंगणात नळ दोन होते.